मदत, मुदत आणि नोंद

कामगार चळवळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ‘टाळेबंदी’ हा शब्द नवा नाही. मजुरांनी काम बंद केले तर तो संप, आणि मालकाने कारखान्याला कुलूप घातले तर ती टाळेबंदी, एवढा फरक आम्हांला पुस्तके हाती येण्यापूर्वीच समजला होता. २५ मार्च २०२० पासून वर्तमानपत्रांनी हाच शब्द निराळ्या अर्थाने छापावयास सुरुवात केली. या खेपेस कुलूप मालकाने घातले नव्हते. सरकारने घातले होते. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी ती साऱ्या देशात अमलात आली. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला मागांच्या खडखडाटाची इतकी सवय असते की तो त्याला ऐकूच येत नाही. त्या आठवड्यात तो थांबला, आणि थांबल्यामुळेच ऐकू आला.

शब्द एकच असल्यामुळे प्रश्नही एकच उभा राहतो. ज्याने कुलूप घातले त्याने आतल्यांच्या पोटाची सोय करावयाची की नाही? मालकाची टाळेबंदी बेकायदा ठरली तर त्या दिवसांचा पगार त्याच्या अंगावर येई. सरकारची टाळेबंदी बेकायदा नव्हती. तिला १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचा आधार होता. शिवाय कोविडचा रोग सरकारने आणला नव्हता. तेव्हा सरकारकडे मागावयाचे ते कोणत्या नात्याने, हे प्रथम ठरवले पाहिजे. एरवी मदतीची सारी चर्चा दानधर्माची होऊन बसते, आणि दान घेणाऱ्याला तक्रार करण्याचा अधिकार नसतो.

जुन्या लाकडी घरांच्या आळीत आग लागली तर एक उपाय करीत. आग ज्या घरापाशी पोचणार असे ते घर आधीच पाडून टाकीत, म्हणजे पुढची वीस घरे वाचत. त्या पाडलेल्या घराच्या मालकाने आग लावलेली नसते, आणि पाडणाऱ्यांनीही लावलेली नसते. तरीपण वाचलेल्या वीस घरांनी मिळून त्याचे घर पुन्हा उभे करून द्यावे, यात दानाचा संबंध येत नाही. तो आळीचा हिशेब आहे. साथ आवरण्यासाठी ज्यांचा धंदा बंद ठेवला त्यांचे नाते असेच आहे. हे नाते ध्यानात ठेवून त्या दोन वर्षांत काय दिले गेले, कोणाला पोचले आणि कोणाला पोचले नाही, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

भिवंडीचा धंदा कसा चालतो

मदत कोठे अडली हे समजण्यासाठी धंद्याची साखळी माहीत हवी. बाहेरगावच्या श्रोत्याला भिवंडी म्हणजे यंत्रमाग एवढे ठाऊक असते. त्यामागची माणसे ठाऊक नसतात.

व्यापारी सूत देतो. सायझिंगमध्ये त्या सुताला खळ लागते व बीम भरले जाते. ते बीम मागाच्या कारखान्यात येते. कारखानदार, म्हणजे बहुधा दोन-चार डझन मागांचा धनी, ते कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी ‘पिक’वर ठरते. एक इंच कापडात आडवे धागे किती, त्या प्रत्येकाला इतके पैसे, असा तो हिशेब आहे. म्हणजे ज्याला आपण मालक म्हणतो त्याचे स्वतःचे माग तेवढे असतात. सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे. मधली धूळ तेवढी याची.

त्याच्या हाताखाली कारीगर असतो. तो एका वेळी सहा-आठ माग सांभाळतो आणि त्याला मीटरवर पैसे मिळतात. त्याशिवाय कांडी भरणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, ताग्यांची घडी घालणारा, बीम वाहणारा हमाल, ताग्यांचा टेम्पो चालविणारा हे आहेतच. यांतील पुष्कळजण उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले असतात. पगार पंधरवड्याने होतो. एकट्याने राहणारा कारीगर बिशीत जेवतो. बिशी म्हणजे एखाद्या बाईने आपल्या खोलीत चालविलेली खाणावळ. पगार झाला की तिचे पैसे द्यावयाचे. तोवर ती बाई वाण्याकडून उधारीने पीठ-तांदूळ आणते.

या साखळीत कागद फारसा नाही. कारीगराचे नाव एखाद्या वहीत असते, ओळखपत्र नसते. बिशीवालीचे नाव कोठेच नसते. एका छपराखालचे माग तीन भावांच्या नावावर वाटलेले असतात, कारण मजुरांची संख्या कमी दिसली म्हणजे कायदे लागू होत नाहीत. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो. मग एकोणीस माणसे दाखविण्याची हौस कोणाला नसते? कागद टाळणे ही वर्षानुवर्षे या धंद्यातली शहाणीव मानली गेली. २०२० साली त्या शहाणपणाची किंमत कळली.

पहिली मदत: धान्य आणि रोख

२६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत रेशनकार्डावर दर माणशी महिना ५ किलो धान्य फुकट, दर कुटुंबास १ किलो डाळ आणि जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने दरमहा ५०० रुपये या मुख्य गोष्टी होत्या. फुकट धान्याची योजना पुढे अनेकदा वाढविण्यात आली. त्या धान्याने लोक जगले, हे आम्ही निःसंकोच सांगतो. सरकारी गोदामात धान्य होते आणि ते वाटावयास दुकाने होती. म्हणजे यंत्रणा आधीपासून उभी होती. म्हणून ती मदत सर्वांत दूरवर गेली.

पण कारीगराचे रेशनकार्ड होते गोंडा, बस्ती किंवा आझमगड जिल्ह्यातील गावी, आणि कारीगर होता भिवंडीत. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची व्यवस्था तेव्हा अर्धवट होती. उत्तर प्रदेश आणि बिहार ही दोन मोठी राज्ये तीत आली ती १ मे २०२० रोजी. ज्यांच्यापाशी कार्डच नाही अशा स्थलांतरितांना दोन महिने ५ किलो धान्य देण्याची घोषणा १४ मे रोजी झाली. टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा पन्नास दिवस झाले होते. माणूस पन्नास दिवस थांबू शकत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. याच दिवसांत, ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. वेळेवर न पोचलेल्या मदतीचा हिशेब करताना हेही त्या हिशेबात धरावे लागते.

दुसरी मदत: मुदत

आता धंदेवाल्यांकडे वळू. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. भिवंडीत पुष्कळांचा समज झाला की सहा महिन्यांचे हप्ते माफ झाले. मुदत आणि माफी यांत अंतर आहे, आणि ते आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही.

समजा, १ लाख रुपयांचे कर्ज आहे आणि व्याज दरमहा शेकडा एक. सहा महिने हप्ता भरला नाही. सरळ व्याज झाले ६,००० रुपये. बँक दर महिन्याचे व्याज मुदलात मिळविते, म्हणून प्रत्यक्षात होतात ६,१५२. वरचे १५२ हे व्याजावरचे व्याज. यावर मोठा वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांना हा फरक परत देण्याची योजना केली. २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की मुदतीच्या काळातले व्याजावरचे व्याज कोणत्याच कर्जदाराकडून घेऊ नये. मात्र मूळ व्याज माफ करण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. निकाल वाचून कित्येकांनी समाधान मानले. पण आमच्या उदाहरणापुरते पाहा: सुटले ते १५२, राहिले ते ६,०००.

विजेच्या बिलाचेही तसेच झाले. माग बंद असले तरी बिलातला स्थिर आकार चालूच असतो. राज्याच्या वीज नियामक आयोगाने उद्योगांना व दुकानांना तीन बिलांपुरती हा आकार भरण्यास मुदत दिली. मुदत संपल्यावर तो आकार भरावाच लागला. कमाईचे महिने मात्र पुढे ढकललेले नव्हते. ते गेले ते गेलेच. न विणलेले कापड मागाहून कोणी विणून घेत नाही.

तिसरी मदत: कर्ज

मे २०२० मध्ये २० लाख कोटी रुपयांचे ‘आत्मनिर्भर भारत’ पॅकेज जाहीर झाले. त्यातला लहान उद्योगांसाठीचा सर्वांत मोठा भाग म्हणजे ३ लाख कोटींची तातडीची पतहमी योजना. तिचा मतितार्थ असा: २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर बँकेचे जेवढे कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के जादा कर्ज तारण न घेता मिळेल. मुदत चार वर्षे. पहिले वर्ष फक्त व्याज. बँकेने व्याज ९.२५ टक्क्यांहून जास्त घेऊ नये. कर्ज बुडाले तर संपूर्ण भरपाई सरकार बँकेला देईल.

ज्याच्यावर ५ लाखांचे कर्ज होते त्याला १ लाख मिळाले. पहिल्या वर्षी व्याजाचे ९,२५० गेले आणि मग तीन वर्षे दरमहा सुमारे ३,१९० रुपयांचा हप्ता. चार वर्षांत परतफेड सव्वा लाखाच्या जवळ. ज्याच्यापाशी मागणी होती, माल होता, फक्त हातात पैसा नव्हता, त्याला या योजनेने खरोखरच उभे केले. देशातील हजारो कारखाने यामुळे वाचले, आणि कारखाना वाचला म्हणजे त्यातल्या मजुराची जागा वाचते, हे आम्ही नाकारीत नाही. ही हमी पुढे ५ लाख कोटींपर्यंत वाढली व मार्च २०२३ पर्यंत चालली.

परंतु सूत्र पाहा. जुन्या कर्जाच्या पाचवा हिस्सा. भिवंडीतला मजुरीवर विणणारा छोटा कारखानदार बँकेच्या दारी क्वचितच गेलेला असतो. त्याचे कर्ज असते व्यापाऱ्याकडे उचल म्हणून, सायझिंगकडे उधारी म्हणून आणि सोनाराकडे बायकोच्या दागिन्यांवर. बँकेत त्याची बाकी शून्य. शून्याचा पाचवा हिस्सा शून्यच. ज्याला आधी कर्ज मिळाले होते त्यालाच पुन्हा मिळाले. ज्याला कधीच मिळाले नव्हते तो या योजनेच्या दृष्टीने जन्मालाच आलेला नव्हता.

आणखी एक बारकावा आहे. ही हमी बँकेला होती, धंद्याला नव्हती. कर्ज बुडाले तर बँक सुटते, कर्जदार सुटत नाही. आणि बुडणे हे टाळेबंदीपुरतेच नव्हते. माग सुरू झाल्यावर २०२० च्या अखेरीपासून सुताचे भाव चढत गेले, व्यापाऱ्याने काम आखडते घेतले, आणि मजुरीचा दर मात्र तेथेच राहिला. ज्याचे उत्पन्नच नाहीसे झाले आहे त्याला कर्ज देणे म्हणजे विहीर आटलेल्या माणसाला लांब दोर देणे होय.

चौथी मदत: पगाराचा भार

कामगारांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने हुकूम काढला की टाळेबंदीच्या काळात सर्व मालकांनी कामगारांना पूर्ण पगार द्यावा. आम्हांला त्या हुकमाचा आनंद वाटला. पण हुकमाबरोबर पैसा आला नव्हता. बारा मागांचा धनी, ज्याला व्यापाऱ्याकडून मजुरी येणे बंद झाले, त्याने पगार आणावयाचा कोठून? आणि कारीगराला तर मीटरवर पैसे. एक मीटरही विणले गेले नाही तर त्याचा ‘पूर्ण पगार’ कशावरून काढावयाचा? मागील तीन पंधरवड्यांची सरासरी काढा, असे सांगणे सोपे होते. पण ती सरासरी ज्या वहीतून काढावयाची ती वही दाखविण्यास कोण तयार होता? १८ मेपासून तो हुकूम मागे घेण्यात आला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सुचविले. वाटाघाटी करावयास कामगार होता कोठे? तो गोरखपूरला पोचला होता.

दुसरी योजना भविष्य निर्वाह निधीची. शंभरापर्यंत कामगार, आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांचा पगार १५ हजारांखाली, अशा आस्थापनेत कामगाराचे १२ टक्के व मालकाचे १२ टक्के, दोन्ही सरकारने भरले. आधी तीन महिने, मग आणखी तीन. १० हजार पगारावर दरमहा २,४०० रुपये ही लहान रक्कम नव्हे. कामगार राज्य विमा योजनेतही बेकारभत्ता पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आला, जास्तीत जास्त नव्वद दिवसांसाठी. योजना चांगल्या होत्या. फक्त एकोणीस माणसे दाखविणाऱ्या कारखान्यांच्या गावात त्यांचे दार उघडलेच नाही.

स्वतःचा धंदा करणारे

ज्याला मालकही नाही आणि नोकरही नाही, त्याचे काय? १ जून २०२० रोजी केंद्राने फेरीवाल्यांसाठी ‘स्वनिधी’ योजना काढली. १० हजारांचे कर्ज, एक वर्षात फेड, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज सरकारकडून परत. मग २० हजार, मग ५० हजार. वीस-तीस टक्क्यांच्या सावकारीतून सुटण्याची वाट अनेकांना यातून मिळाली, आणि ही योजना साथीबरोबर संपलीही नाही. २०२५ साली तिची मुदत २०३० पर्यंत वाढविण्यात आली व पहिले कर्ज १५ हजारांचे झाले. तीत एक शहाणपणाची गोष्ट होती. ज्या फेरीवाल्याची पाहणीत नोंद झालेली नव्हती त्याला नगरपालिकेचे शिफारसपत्र चालत असे. म्हणजे नोंद नसलेल्यास नोंद करून देण्याची सोय योजनेतच ठेवलेली होती.

राज्य सरकारने दुसऱ्या लाटेत, १३ एप्रिल २०२१ रोजी, निर्बंध घालतानाच ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, हेही नोंदविले पाहिजे. कुलूप आणि भाकरी एकाच भाषणात आली, ही पहिल्या खेपेपेक्षा सुधारणा होती. नोंदीत बांधकाम कामगार, घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना २,००० रुपये, आणि शिवभोजन थाळी फुकट. आता या यादीतले शब्द सावकाश वाचा. नोंदीत. अधिकृत. परवानाधारक. आमच्या गावात रिक्षाचा परवाना एकाचा असतो आणि दिवसपाळीला ती भाड्याने चालविणारा दुसरा असतो. धंदा बुडाला चालविणाऱ्याचा. मदत परवान्याच्या नावावर. यंत्रमाग कामगार तर त्या यादीत नव्हताच.

आणि बिशीवाली? तिचे पन्नास जेवणारे उधारी मागे ठेवून गाडीत बसले. वाण्याची बाकी तिच्या डोक्यावर राहिली. ती फेरीवाली नव्हे, घरकामगार नव्हे, उद्योजक नव्हे. तिच्या खोलीच्या दारावर पाटी नाही. दोन वर्षांत जेवढ्या योजना निघाल्या त्यांपैकी एकीच्याही चौकटीत ती बसली नाही, आणि तरीही भिवंडीचे कापड तिच्या भाकरीवर विणले जात होते.

परदेशांत काय झाले

इंग्लंडने मार्च २०२० मध्येच ठरविले की घरी बसविलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देईल. ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही आधीच्या वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून ८० टक्के अनुदान दिले, कर्ज नव्हे. जर्मनीत कामाचे तास कमी झाले तर बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मुले असल्यास ६७ टक्के, सरकारी बेकारी विम्यातून मिळण्याची पद्धत साथीपूर्वीपासूनच होती. ती फक्त सैल करावी लागली.

ते देश श्रीमंत आहेत, हे खरे. पण श्रीमंती एवढेच कारण नव्हे. इंग्लंडच्या सरकारपाशी प्रत्येक लहान धंदेवाल्याचे करपत्रक होते. नाव, नफा, बँकेचे खाते सारे हाताशी. म्हणून काही आठवड्यांत पैसा पोचला. आणि तेथेही ज्याने २०१९ च्या एप्रिलनंतर नवा धंदा सुरू केला होता तो आरंभी वगळला गेला, कारण त्याचे जुने करपत्रक नव्हते. म्हणजे नियम लंडनला आणि भिवंडीला एकच: मदत माणसाकडे जात नाही, नोंदीकडे जाते.

आमच्याच मातीतले दाखले

याचा अर्थ आपल्याला जमणार नाही असा कोणी घेऊ नये. १८९६–९७ च्या प्लेगने मुंबई रिकामी केली, लाखो लोक कोकणात आणि देशावर पळाले. त्याच साथीत रुग्णांची सोय करीत असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे वारले. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे ते गृहस्थ. त्या वेळी सरकारने साथरोग कायदा केला. त्यात घरे तपासण्याचे, माणसे अलग ठेवण्याचे अधिकार होते. बुडालेल्या मजुरीबद्दल एक अक्षर नव्हते. २०२० साली तोच कायदा हाती घेतला गेला, आणि ती उणीव तशीच होती.

उलट दाखला दुष्काळाचा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो लोकांना कामावर लावले, आणि दुष्काळ सरल्यावर ती गोष्ट विसरून न जाता, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून, रोजगार हमीचा कायदा केला. तो १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसविला. ज्यांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर दिसतो, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की तो कर मुळात त्या हमीसाठी जन्मला. आळीतल्या वीस घरांनी वर्गणी काढण्याचाच तो प्रकार.

दुसरा दाखला माथाडींचा. हमालाचा मालक कोण, हे कधीच ठरत नसे. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ साली कायदा झाला. मंडळात हमालाचीही नोंद, व्यापाऱ्याचीही नोंद. मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावर ठराविक लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, बोनस. मालक ठरविता येत नाही म्हणून हक्क देता येत नाहीत, हा युक्तिवाद त्या कायद्याने कायमचा मोडून काढला.

तिसरा दाखला तर साथीतलाच. बांधकाम कामगारांना एप्रिल २०२० मध्ये राज्यात दोन-दोन हजार रुपये सर्वांआधी मिळाले. का? १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला होता, मंडळापाशी पैसा जमला होता आणि कामगारांची यादी होती. यादी आणि निधी या दोन्ही गोष्टी असल्या म्हणजे मदत आठवड्यांत पोचते. यादी असून निधी नसला तर आश्वासन मिळते. निधी असून यादी नसली तर पैसा तिजोरीत पडून राहतो.

आता करावयाचे काय

२६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली. त्याआधी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामातल्या दिरंगाईबद्दल सरकारला खडसावले होते. तीस कोटींहून अधिक लोकांची नावे आता तीत आहेत. ही यादी झाली. निधी अजून व्हावयाचा आहे. यंत्रमागासाठी माथाडींच्या धर्तीवर मंडळ असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारखानदारावर सारा बोजा टाकून ते चालणार नाही, कारण कापड त्याचे नाही. लेव्ही बसावयाची ती सुताच्या व कापडाच्या धन्यावर, ताग्यामागे. ताग्याची मोजणी प्रत्येक ठिकाणी होतच असते. मीटरही मोजला जातो आणि पिकही. जे मोजता येते त्यावर लेव्ही घेता येते. आणि मंडळाच्या यादीत कारीगर, कांडीवाला, हमाल यांच्याबरोबर बिशीवालीचे नाव असलेच पाहिजे.

सरकारकडे मागण्याची गोष्ट ही. पण काही गोष्टी मागण्याच्या नाहीत, करण्याच्या आहेत. छोट्या कारखानदाराने ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी, मजुरी बँकेच्या खात्यात घ्यावी आणि तशीच द्यावी. करीगराला मिळालेल्या पैशाची चिठ्ठी मिळावी; नसेल देत तर त्याने स्वतःच्या वहीत पंधरवड्याचे मीटर लिहून जॉबरची सही घ्यावी. परगावच्या माणसाने आपले रेशनकार्ड येथे चालते याची दुकानावर जाऊन खात्री करावी. रिक्षा भाड्याने चालविणाऱ्याने आपले लायसन्स व बिल्ला स्वतःच्या नावावर ठेवावा. संघटनांनी सभासदाची वर्गणी घेताना त्याच्या ई-श्रमाचा क्रमांकही लिहून घ्यावा. ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांत घोषणा नाहीत, मोर्चे नाहीत. पण कागदाला भिणारा गरीब आणि कागद टाळणारा मालक असे दोघेही २०२० साली एकाच रांगेत उभे राहिलेले आम्ही पाहिले, आणि त्या रांगेच्या तोंडाशी खिडकीच नव्हती.

साथ पुन्हा येईल की नाही हे सांगणे वैद्यांचे काम. पूर येईल, मंदी येईल, माग बंद पडतील, हे सांगावयास वैद्य लागत नाही. सरकारला पुढल्या वेळी कुलूप घालावे लागले तर त्याने घालावे. साथीपुढे कोणाचा इलाज नसतो. मात्र कुलपाच्या हुकमात दुसरे कलम हे असावे की ज्यांचे काम या हुकमाने थांबते त्यांच्या नावांची यादी सोबत जोडली आहे. ती यादी त्या रात्री आठ वाजता करता येणार नाही. ती आज, माग चालू असताना, करावी लागेल.